रंगाच्या डब्याआधी: साठ-सत्तरच्या दशकातली कॅरव्हॅन दुरुस्त करताना

ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकात बनलेल्या छोट्या टुरिंग कॅरव्हॅन (मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं) अजूनही शेताच्या बांधाला, जुन्या कोठारात, घराच्या मागच्या अंगणात उभ्या सापडतात. त्यातल्या बऱ्याचशा स्प्राइट असतात. स्प्राइटचा संस्थापक सॅम आल्पर याने ही गाडी साध्या नोकरदाराला परवडेल आणि त्याच्या साध्या मोटारीला ओढवेल अशी बांधली. १९६३मध्ये स्प्राइट आणि ब्लूबर्ड या दोन कॅरव्हॅन कंपन्या एकत्र येऊन कॅरव्हॅन्स इंटरनॅशनल ही कंपनी झाली. हलकं वजन आणि कमी किंमत हे या गाड्यांचं मोठेपण. दुखणंही तिथेच आहे, कारण हलकं म्हणजे बारीक लाकूड, पातळ पत्रा आणि आतून हार्डबोर्ड.

इंग्लंडात राहणारे बरेच मराठी लोक आता अशी एखादी गाडी घेऊन घरच्या घरी उभी करायला बघतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नवे पडदे, बाहेरून सुंदर फिका हिरवा रंग, आत दिव्यांच्या माळा आणि दोन हिवाळ्यांत पुढच्या खिडकीखालचा कोपरा बोटाने दाबला की आत जातोय, असं होऊ द्यायचं नसेल तर कामाचा क्रम पाळायला हवा. आधी पाणी, मग लाकूड, मग चाकं आणि ब्रेक, मग गॅस आणि वायरिंग. रंग सगळ्यांत शेवटी.

पाणी कुठून येतं

या गाडीची भिंत आतून बाहेर अशी असते: तीन-चार मिलिमीटरचा हार्डबोर्ड किंवा प्लाय, मध्ये बारीक पट्ट्यांचा लाकडी सांगाडा, पट्ट्यांच्या मधे काचलोकर किंवा थर्माकोल, आणि बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा. बाजूची भिंत आणि टप जिथे मिळतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची लांब पट्टी स्क्रूने बसवलेली असते. तिच्याच खाचेत गाडीला जोडायच्या तंबूची (ऑनिंगची) कड सरकवतात, म्हणून तिला ऑनिंग रेल म्हणतात. रेलखाली मस्टिकचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या मऊ चिकट लुकणाचा, थर असतो. गाडी कोरडी राहते ती या थराच्या जिवावर.

मस्टिकमधलं तेल वर्षांगणिक सुकतं आणि तो खडूसारखा ठिसूळ होतो. दुसरीकडे पत्रा सतत हलत असतो. साडेतीन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होतो, आणि त्याखालचं लाकूड त्या मानाने जागच्या जागी राहतं. रस्त्यावरचे हिसके वेगळेच. मऊ मस्टिक ही हालचाल सोसतं, सुकलेलं मस्टिक तडकतं. त्या तडीतून पाणी स्क्रूपर्यंत पोचतं, लोखंडी स्क्रू गंजून फुगतो, भोक मोठं होतं आणि त्या भोकातून पाणी थेट लाकडात उतरतं.

आत आलेलं पाणी पट्टीच्या धारेने खाली वाहत जातं, म्हणून गळती वर असते आणि लाकूड कुजतं खाली, जमिनीच्या कडेला. डाग दिसला तिथेच बाहेरून सीलंट थापून काही होत नाही.

ओल शोधताना

दार उघडल्याबरोबर येणारा कुबट वास ही पहिली खूण. मग सगळ्या भिंती अंगठ्याने दाबत जा: पुढच्या-मागच्या खिडक्यांखालचे कोपरे, सीटखालच्या पेट्यांची आतली बाजू, टपावरच्या झरोक्याभोवतीची जागा, चाकांवरचे डबे आणि दारातली जमीन. पेट्यांच्या आत कोणी रंग मारत नाही, त्यामुळे खरी परिस्थिती तिथे कळते.

दोन टोकं टोचायचं ओलमापक यंत्र स्वस्तात मिळतं आणि ते घ्याच. १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवायचं. २०च्या वर गेलं की पाणी येतंय असं धरून चाला, आणि ३०च्या वर असेल तर आतलं लाकूड गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. यंत्राची टोकं मागच्या स्क्रूला किंवा पत्र्याला लागली तर आकडा खोटा वाढतो, म्हणून एकेका जागी तीन-चारदा टोचून बघा. थंडीत बंद गाडीत नुसत्या दमटपणानेही सगळीकडे आकडा थोडा वर जातो. सगळ्या भिंती १७ दाखवत असतील तर ती हवेतली ओल, आणि सगळीकडे १३ असताना एकच कोपरा २८ असेल तर ती गळती.

गळती नेमकी कुठे आहे हे पाण्यानेच शोधायचं. बागेचा पाइप घ्या आणि धार हलकी ठेवा. प्रेशर वॉशर कधीच नको, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा. पाणी खालच्या सांध्यापासून सुरू करा, प्रत्येक सांध्याला दहा मिनिटं द्या, मग वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि कोणता गळतोय ते कळत नाही.

रेल काढून पुन्हा बसवणं

जुन्या गाडीत एखादाच सांधा दुरुस्त करून भागत नाही. एक सुकला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही सुकलेले असतात. सगळ्या रेल, खिडक्या, झरोके आणि मागचे दिवे काढून नव्याने बसवायचे, हेच खरं काम.

स्क्रूंवर बहुधा प्लास्टिकची लांब पट्टी दाबून बसवलेली असते. ती ओढून काढा आणि टाकून द्या, नवी मीटरवर मिळते. जुने स्क्रू सरळ खाचेचे असतात आणि खाचेत रंग भरलेला असतो. खाच टोच्याने नीट कोरल्याशिवाय पेचकस लावू नका. स्क्रू हलत नसेल तर पेचकस खाचेत ठेवून वरून हातोडीचा एक ठोका द्या. तरीही नाही तर सोल्डरिंग आयर्न मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, तापलं की पकड सुटते. शेवटचा उपाय म्हणजे ड्रिलने डोकं उडवायचं आणि उरलेला दांडा नंतर पकडीने फिरवून काढायचा. रेल उतरवताना दोन माणसं हवीत. एकट्याने ओढली की मधेच दुमडते आणि ती घडी पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

जुनं मस्टिक लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उरलेलं व्हाइट स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि सर्वांत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा, कारण व्हाइट स्पिरिट मागे तेलकट थर सोडतं. पत्र्यावर लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच फोड येतात.

रेलखाली न सुकणारी ब्युटाइल (चिकट रबरी मस्टिकची) पट्टी लावायची, २५ ते ३० मिलिमीटर रुंद. बारा फुटी गाडीच्या दोन्ही बाजूंच्या रेल, पाच खिडक्या आणि झरोका धरून ३५ ते ४० मीटर पट्टी लागते. पाच मीटरची दहा रिळं आणून ठेवा म्हणजे काम अर्ध्यावर अडत नाही. स्क्रू स्टेनलेसचे, आठ नंबर जाडीचे, प्रत्येकाचं टोक मस्टिकमध्ये बुडवून. भोक सैल झालं असेल तर लाकडाची काडी पॉलियुरेथेन गोंदात बुडवून त्यात ठोका, सुकू द्या, मग नव्याने भोक पाडा.

आवळायला मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, आणि पहिल्या दिवशी अर्धवटच आवळा. पट्टी हळूहळू दबत बाहेर येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवा, आठवड्याने आणखी एकदा. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावली तर सगळं ब्युटाइल कडेला येतं आणि रेलखाली काही उरत नाही. बाहेर आलेलं शेवटी प्लास्टिकच्या पात्याने कापून घ्या.

सिलिकॉन मात्र या गाडीच्या जवळपासही आणू नका. न्हाणीघरात ते ठीक आहे. पत्र्यावर ते काही वर्षांत कडेने सुटतं, आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं सीलंट धरत नाही, रंग धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धरत नाही. आधीच्या मालकाने लावलेलं सिलिकॉन काढण्यातच कितीतरी शनिवार-रविवार जातात.

कुजलेलं लाकूड

सांध्यांचं काम आणि लाकडाचं काम एकत्रच चालतं, कारण रेल काढल्यावर खालची पट्टी दिसते. सुतारी टोच्या घेऊन दर दहा सेंटिमीटरवर टोचा. निरोगी लाकूड टोच्या अडवतं, कुजलेलं लोण्यासारखं आत घेतं.

आतला हार्डबोर्ड काढायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या गाड्यांत कपाटं, ओटा आणि सीटच्या पेट्या हेच भिंतींना धरून ठेवतात. सगळं सामान एकदम बाहेर काढलं की कवच सैल होतं, टप मधून बसतो, आणि दुरुस्त झालेल्या गाडीचं दार बंद होत नाही. एका वेळी एकच भाग उघडा. टपाला आतून दोन-तीन टेकू द्या, दाराच्या चौकटीत कर्णरेषेत पट्टी ठोका आणि दोन्ही कर्णांची मापं दारावरच लिहून ठेवा. काढलेला प्रत्येक हार्डबोर्डचा तुकडा, कितीही कुजलेला असला तरी, जपून ठेवा. नवा प्लाय त्यावरूनच आखायचा असतो.

कुजकं दिसतं तिथे थांबू नका, त्याच्या पुढे १५० मिलिमीटर चांगल्या लाकडापर्यंत कापा. नवी पट्टी अर्ध्या खाचेच्या जोडाने बसवा, खाचेची लांबी पट्टीच्या जाडीच्या निदान चौपट. गोंद पॉलियुरेथेनचा, वर दोन स्क्रू. बाजारात छतासाठी मिळणाऱ्या हिरवट प्रक्रियेच्या पट्ट्या मापाला बरोबर बसतात म्हणून मोह होतो. पण त्या प्रक्रियेत तांबं असतं आणि ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. पत्र्याच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी आणि मग सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात ती यामुळेच. साधं कोरडं लाकूड घ्या आणि त्याला बोरॉनचे दोन-तीन हात द्या.

काचलोकर खाली बसलेली आणि ओली असते, ती काढून टाका. तिच्या जागी पट्ट्यांच्या मापाने घट्ट कापलेले फोमचे ताव बसवा. डब्यातला फुगणारा फोम पोकळीत मारू नका, तो पातळ पत्रा बाहेर ढकलतो आणि ते पोट बाहेरून कायमचं दिसतं. थर्माकोल वापरणार असाल तर वायर त्याला टेकू देऊ नका. वायरवरच्या पीव्हीसीतला मऊपणा थर्माकोल शोषून घेतो आणि वायर कडक होऊन तडकते. वायर नळीतून न्या.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीत एकेरी प्लाय असतो, कुजलेला भाग आडव्या पट्टीपर्यंत कापून १२ मिलिमीटरचा बाहेरच्या वापराचा प्लाय घाला आणि तो बसवण्याआधी खालून व कडांना बिटुमेनचा रंग द्या. नंतरच्या गाड्यांत प्लाय-फोम-प्लाय असं सँडविच असतं, ते सुटलं की पावलाखाली चरचरतं. अशा वेळी वरच्या प्लायला भोकं पाडून दोन भागांचा इपॉक्सी आत सोडतात, लाकडी खुंट्या ठोकतात आणि २४ तास वजन ठेवतात.

चाकं, ब्रेक, हिच

ब्रिटनमध्ये खासगी टुरिंग कॅरव्हॅनला वार्षिक एमओटी तपासणी लागत नाही. म्हणूनच इथे जास्त सावध राहायला हवं, कारण रस्त्यावर आणण्याआधी हे कोणी तपासणार नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅरव्हॅन वर्षभर एकाच जागी उभी असते, तिचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बाजूवर तारखेचा चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. ३४१९ म्हणजे २०१९चा चौतिसावा आठवडा. कोड तीनच आकडी असेल तर टायर २०००च्या आधीचा आहे, त्यावर गाडी अंगणाबाहेरही नेऊ नका. पाच वर्षांनी बदलावा, सात वर्षांपुढे तर नाहीच. एकाच ॲक्सलवर क्रॉसप्लाय आणि रेडियल हे दोन प्रकारचे टायर एकत्र लावणं कायद्यालाही मंजूर नाही. चाकाचे नट टॉर्कच्या पान्याने आवळा आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा त्यातली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून वेगळं टाका. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन रोलर उजेडात बघा. खड्डे किंवा निळसर रंग दिसला तर बाहेरच्या कड्यासकट नवी जोडी घाला. ग्रीस हाताने रोलरच्या मधे दाबून भरायचं. नट चाक फिरवत फिरवत आवळा, मग पुढच्या भोकापर्यंत सैल करा आणि स्प्लिट पिन नवीच घाला.

ब्रेकचं समायोजन नेहमी चाकापासून सुरू होतं. चाक पुढच्या दिशेने फिरवत ते अडेपर्यंत आवळायचं, मग मोकळं फिरेपर्यंत मागे घ्यायचं. दोन्ही चाकं झाल्यावरच मधल्या दांड्याची किंवा केबलची ढील काढा. उलट केलं, म्हणजे ड्रममधले ब्रेकचे शू सैल असताना केबल ताणली, तर हँडब्रेक अंगणात घट्ट वाटतो आणि रस्त्यावर ओढणाऱ्या मोटारीला गाडी मागून ढकलत राहते. मोटार मंदावली की आत दबून ब्रेक लावणारा पुढचा सरकणारा दांडा हाताने आत दाबून बघा. तो जोर लावूनच आत जायला हवा आणि स्वतः हळू बाहेर यायला हवा. धपकन आत गेला किंवा आतच राहिला तर डॅम्पर संपला. जुन्या गाड्यांत मागे घेताना ब्रेक लागू नये म्हणून एक खटका हाताने टाकावा लागतो, तो गंजलेला असतोच.

हिचवर (मोटारीवरच्या गोळ्यावर बसणाऱ्या पकडीवर) कोरलेलं माप चष्मा लावून वाचा. जुनी हिच दोन इंची असू शकते आणि आजच्या मोटारीवरचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो. फरक जेमतेम ०.८ मिलिमीटरचा, पण झिजलेल्या दोन इंची हिचमधून ५० मिलिमीटरचा गोळा निसटू शकतो. माप जुळत नसेल तर हिच बदला. ब्रेकअवे केबल, म्हणजे गाडी मोटारीपासून सुटली तर ब्रेक ओढणारी केबल, नवी लावा.

कागदपत्रांत वजन हंड्रेडवेटमध्ये सापडतं. एक हंड्रेडवेट म्हणजे ५०.८ किलो, बारा म्हणजे सुमारे ६१०. दुरुस्तीनंतर वजनकाट्यावर पुन्हा तोलून घ्या, कारण नवा प्लाय आणि जाड गाद्या वजन वाढवतात. हिचवर येणारा भार भरलेल्या गाडीच्या ५ ते ७ टक्के ठेवा. तो कमी पडला की गाडी शेपटीसारखी हलायला लागते. ओढताना वेगमर्यादा मधे दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०.

गॅस आणि वीज

गॅसच्या कामात हौस नको. जोडणी आणि तपासणी एलपीजीची मान्यता असलेल्या गॅस सेफ नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. त्याला बोलावण्याआधी तुम्ही करायचं ते एवढंच: रबरी नळीवरची तारीख वाचा आणि जुनी असेल तर बदलायला सांगा, शेगडीवरची पाटी वाचा. पाटीवर ११ इंच पाणी असं लिहिलं असेल तर तो दाब सुमारे २८ मिलिबार, म्हणजे ब्युटेनचा जुना दाब. प्रोपेनचा ३७ होता, आजचे भिंतीवरचे रेग्युलेटर ३०चे असतात. तांब्याच्या नळ्याही तेव्हा इंची मापाच्या होत्या. इंची नळीला मिलिमीटरच्या मापाचा जोड बसल्यासारखा वाटला तरी गळू शकतो.

जमिनीतली जाळीची भोकं थंडी येते म्हणून बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला बाहेर जायला तीच वाट आहे. मेंटलचे जुने गॅसदिवे दिसायला देखणे, पण जुन्या मेंटलमध्ये किंचित किरणोत्सारी थोरियम असायचं. तुटके मेंटल हाताने चुरडू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि आगीचं ब्लँकेट या गाडीत हवंच.

सात पिनांच्या प्लगचे रंग ठरलेले आहेत: १ पिवळा डावा इंडिकेटर, २ निळा मागचा फॉग, ३ पांढरा अर्थ, ४ हिरवा उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा मागचा दिवा, ६ लाल ब्रेक, ७ काळा डावा मागचा दिवा. इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, ही अर्थ खराब असल्याची खूण. पांढरी वायर चेसिसला जिथे जोडली आहे ती जागा चकचकीत घासा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. बाहेरच्या २३० व्होल्टच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा, आणि २५ मीटरची केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरायची नाही, ती तापते.

रंग, आणि नंतरची निगा

आता रंगाचा डबा. जुना रंग ओला पॉलिश पेपर वापरूनच घासा, कोरडी धूळ उडवू नका, कारण त्यात शिसं असू शकतं. उघड्या पत्र्यावर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा पहिला हात, मग कोच इनॅमलचे दोन-तीन पातळ हात. फोमच्या रोलरने लावून लगेच मऊ ब्रशची टोकं फिरवली की बुडबुडे मोडतात. टपावर उभं राहू नका, काम करायला आडवी फळी टाका. गाद्यांचा जुना फोम पिवळा होऊन चुरा होतो. नवा घेताना आग सहज न धरणारा, ब्रिटिश नियमांत बसणाराच घ्या.

हिवाळ्यासाठी उभी करताना नळ उघडे सोडा, पाणी पूर्ण काढा, गाद्या उभ्या करून ठेवा. चाकांना सरकू नयेत म्हणून ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर ओलीत शू ड्रमला चिकटतात. दर महिन्याला चाकं पाव फेरा फिरवा. वर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका. तिच्याखाली घाम धरतो आणि वाऱ्याने फडफडून ती रंग खाते. हवा खेळणारं कापडी आवरण बरं. कोपऱ्यातल्या पायांवर गाडी उचलायची नाही, ते फक्त हलू नये म्हणून आहेत.

ओलमापक वर्षातून दोनदा, ऑक्टोबरमध्ये आणि मार्चमध्ये, त्याच वीस-पंचवीस जागी टोचा. आकडा आणि तारीख पेन्सिलने त्या-त्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. १३चा १६ झालेला कोपरा मार्चमध्ये सापडला तर चार स्क्रू आणि हातभर ब्युटाइलमध्ये काम संपतं.